गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूणाची जनुकीय तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) करणाऱ्या जोडप्यांपुढे संमतिपत्रांच्या गठ्ठ्यात हल्ली एक जादा कागद येतो : भ्रूणांची पीजीटी, म्हणजे गर्भाशयात सोडण्याआधीची जनुकीय तपासणी, करायची आहे का? सही करायला मिनिट पुरतं, पण त्यामागचा निर्णय तेवढ्यात होण्यासारखा नसतो. पीजीटी या एकाच नावाखाली दोन-तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. त्यांतली एक काही घराण्यांसाठी वरदान आहे आणि दुसरीबद्दल डॉक्टरांमध्येच एकमत नाही.

पीजीटीमध्ये नेमकं काय करतात?

प्रयोगशाळेत फलित झालेलं बीजांड पाच-सहा दिवसांत ब्लास्टोसिस्ट या अवस्थेला पोचतं. त्यातल्या मोजक्या पेशी काढून त्यांतला डीएनए तपासतात आणि भ्रूण तोवर गोठवून ठेवतात. अहवाल आला की कोणता भ्रूण गर्भाशयात सोडायचा आणि कोणता नाही, हे ठरतं. तपासणीने भ्रूण सुधारत नाही आणि एकही नवा भ्रूण तयार होत नाही. हातात जे आहेत त्यांतून निवड होते, बस. पुढची अर्धीअधिक उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

अहवालावर पीजीटी-ए, पीजीटी-एम असं लिहिलेलं असतं. हे काय प्रकार आहेत?

पीजीटी-ए मध्ये गुणसूत्रांची संख्या मोजतात. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रं असतात. एखादं जास्त किंवा कमी आहे का, हे पाहतात. पीजीटी-एम मध्ये एकाच जनुकामुळे होणारा, त्या घराण्यात आधीच ठाऊक असलेला आजार शोधतात : थॅलसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, डुशेन (स्नायू झिजण्याचा आजार) वगैरे. पीजीटी-एसआर अशा जोडप्यांसाठी असते, ज्यांच्यापैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदलून बसलेले आहेत. अशी व्यक्ती स्वतः ठणठणीत असते, कारण माल सगळा असतो, फक्त मांडणी वेगळी. पण तिच्या बीजांडांत किंवा शुक्राणूंत तो माल असमान वाटला जातो आणि वारंवार गर्भपात होतात. दोन गुणसूत्रांमधली अशी अदलाबदल साधारण ५०० जणांमागे एकात सापडते, म्हणजे वाटतं तितकी ती दुर्मीळ नाही.

ही नावं २०१७ पासून रूढ झाली. जुन्या कागदांवर पीजीडी आणि पीजीएस दिसतील. पीजीडी म्हणजे ढोबळमानाने आजची एम आणि एसआर, तर पीजीएस म्हणजे आजची ए.

हे तंत्र नवीन आहे का?

नाही. पहिली टेस्ट ट्यूब बेबी १९७८ साली जन्मली, पण त्याच्याही दहा वर्षं आधी रॉबर्ट एडवर्ड्स आणि रिचर्ड गार्डनर यांनी सशांच्या भ्रूणांतून पेशी काढून नर-मादी ओळखले होते. माणसांत ही तपासणी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अ‍ॅलन हँडिसाइड, रॉबर्ट विन्स्टन आणि सहकाऱ्यांनी केली. १९९० साली त्यांनी पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्या. त्या जोडप्यांच्या घराण्यांत मुलग्यांना होणारे, एक्स गुणसूत्रावरचे गंभीर आजार होते आणि म्हणून मुलीचे भ्रूण निवडले गेले. दोन वर्षांनी सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजारासाठी थेट जनुक तपासून निवडलेल्या भ्रूणापासून बाळ झाल्याची नोंद आली.

भ्रूणातून पेशी काढतात कशा?

पूर्वी तिसऱ्या दिवशी, भ्रूण सहा-आठ पेशींचा असताना, त्यातली एक पेशी काढत. आठातली एक म्हणजे फारच मोठा वाटा. आता बहुतेक ठिकाणी पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत थांबतात. तोवर शंभराहून अधिक पेशी झालेल्या असतात आणि त्यांचे दोन गट पडलेले असतात : आतला पुंजका, ज्यातून बाळ घडतं, आणि बाहेरचा थर, ज्यातून पुढे वार तयार होते. पेशी घ्यायच्या त्या या बाहेरच्या थरातल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली एका बारीक काचेच्या नळीने ब्लास्टोसिस्ट धरून ठेवतात आणि आतला पुंजका नळीच्या बाजूला, सुरक्षित राहील असा वळवून घेतात. लेझरने बाहेरच्या कवचाला छोटं भोक पाडतात. दुसऱ्या नळीने पाच ते दहा पेशी हलकेच ओढून घेतात आणि लेझरच्या एक-दोन ठिणग्यांनी त्या सुट्या करतात. मग येतं ते बघायला किरकोळ, पण चुकलं तर सगळं चुकवणारं काम : त्या पेशी डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढ्या थेंबात घेऊन इवल्याशा प्लास्टिकच्या नळीत ठेवायच्या आणि नळीवरचा क्रमांक आणि भ्रूणाचा क्रमांक दोघांनी मिळून ताडून पाहायचा. दुसरी व्यक्ती शेजारी उभी राहून मोठ्याने वाचते आणि सही करते. त्यानंतर भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जातो आणि नळी जनुकीय प्रयोगशाळेत.

त्याने भ्रूणाला इजा होत नाही का?

हात सरावलेला असेल तर फार थोडी. पण 'अजिबात नाही' असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बायोप्सी (म्हणजे पेशी काढणं), गोठवणं आणि वितळवणं या तिन्ही पायऱ्यांवर काही भ्रूण गळू शकतात, आणि हे काम करणाऱ्या एम्ब्रिओलॉजिस्टच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भ्रूणतज्ज्ञाच्या, कौशल्याचा फरक पडतो. अशा बाळांवर आतापर्यंत जे अभ्यास झाले, त्यांत बायोप्सीमुळे जन्मजात व्यंगं वाढल्याचं दिसलेलं नाही.

गुणसूत्रं मुळात चुकतात कशाने? आमच्याकडून काही चूक झाली का?

नाही, आणि हा प्रश्न इतक्या जणी विचारतात की उत्तर सविस्तर द्यायला हवं. स्त्रीची बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि अर्धवट विभाजनाच्या अवस्थेत वर्षानुवर्षं थांबून राहतात. गुणसूत्रांच्या जोड्या या काळात ज्या प्रथिनांनी एकत्र बांधलेल्या असतात, ती प्रथिनं वयानुसार झिजतात. पाळीच्या मध्यावर बीजांड पिकताना विभाजन पुरं होतं तेव्हा एखादी जोडी नीट सुटत नाही किंवा वेळेआधी सुटते. जास्तीचं किंवा कमी पडलेलं गुणसूत्र बहुधा असं येतं. आहार, धावपळ, मनावरचा ताण यांतल्या कशावरही याचं खापर फोडता येत नाही.

वयाचा परिणाम मात्र ठळक आहे. तिशीच्या सुरुवातीला ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचलेल्या भ्रूणांपैकी साधारण तिनांतल्या एकात गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला सापडतो. चाळिशीला हे प्रमाण निम्म्याहून अधिक होतं आणि बेचाळिशीच्या आसपास चारांतले तीन भ्रूण तसे निघतात. यांतले बहुतेक रुजतच नाहीत, रुजले तरी पहिल्या काही आठवड्यांत गळतात. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांचा दोष आढळतो. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत, म्हणजे डाउन सिंड्रोम, हा बाळ जन्माला येऊ शकण्याइतका टिकणारा थोड्यांपैकी एक प्रकार.

मग पीजीटी-ए केल्याने मूल होण्याची शक्यता वाढते ना?

तर्क बिनतोड वाटतो : सदोष भ्रूण बाजूला काढले की उरलेले चांगले, म्हणजे यश जास्त. प्रत्यक्षात मोजणी केली तेव्हा चित्र वेगळं निघालं.

२००७ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ३५ ते ४१ वयाच्या ४०८ स्त्रियांवर चाचणी घेतली. तेव्हाची पद्धत जुनी होती, तिसऱ्या दिवशीची एक पेशी आणि मोजकीच गुणसूत्रं. तपासणी केलेल्या गटात २४ टक्के स्त्रियांना मूल झालं, न केलेल्या गटात ३५ टक्के. म्हणजे तपासणीने नुकसानच झालं. त्यानंतर पद्धत सुधारली : पाचव्या दिवसाची बायोप्सी, सगळ्या गुणसूत्रांचं सिक्वेन्सिंग (डीएनएचं यंत्राने वाचन). २०१९ च्या 'स्टार' चाचणीत २५ ते ४० वयाच्या ६६१ स्त्रिया होत्या. गर्भ वीस आठवड्यांपर्यंत टिकण्याचं प्रमाण तपासलेल्या भ्रूणांत ५० टक्के आणि न तपासलेल्यांत ४६ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच. ३५ ते ४० वयाच्या गटात मात्र तपासणीच्या बाजूने कल दिसला. २०२१ साली चीनमधल्या मोठ्या चाचणीत ३७ वर्षांपर्यंतच्या, निदान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट असलेल्या १,२१२ स्त्रिया घेतल्या. तीन ट्रान्सफरपर्यंत (भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या तीन खेपांपर्यंत) मिळून मूल झालं ते तपासणी केलेल्यांपैकी ७७.२ टक्क्यांना आणि न केलेल्यांपैकी ८१.८ टक्क्यांना. गर्भपात तपासलेल्या गटात कमी होते.

असं का होतं? समजा चार भ्रूण आहेत, त्यांतला एकच चांगला. तपासणी केली तर तो पहिल्याच खेपेला सोडला जाईल. न करता एकेक सोडत गेलात तर कदाचित तिसऱ्या खेपेला त्याची पाळी येईल. शेवटी मूल होणार ते त्याच भ्रूणापासून. तपासणीने वाचतात त्या मधल्या दोन खेपा : वाट पाहणं, निकालाच्या दिवसाची निराशा, एखादा गर्भपात. हे थोडं नाही. पण याला 'वेळ आणि मनस्ताप वाचतो' म्हणावं, 'यश वाढतं' म्हणू नये. जाहिरातींत जो मोठा टक्का दिसतो तो बहुधा 'दर ट्रान्सफरमागे' असतो. ज्यांचा एकही भ्रूण पास झाला नाही, त्या स्त्रिया या हिशेबात येतच नाहीत. आकडा खोटा नसतो, पण त्याने दिलेलं उत्तर तुमच्या प्रश्नाचं नसतं.

ब्रिटनमध्ये वंध्यत्व उपचारांवर देखरेख करणाऱ्या एचएफईए या संस्थेनेही हाच भेद केला आहे : बहुतेक रुग्णांसाठी मूल होण्याची शक्यता वाढवण्याच्या बाबतीत पीजीटी-एला लाल शेरा, गर्भपात कमी करण्याच्या बाबतीत हिरवा.

मग पीजीटी-ए कोणी करावी?

माझं मत : वय ३७-३८ च्या पुढे, ब्लास्टोसिस्ट बऱ्यापैकी संख्येने हातात, आणि पुन्हा गर्भपात सोसण्याची तयारी नाही, अशांनी जरूर विचार करावा. तिशीतल्या, पहिल्यांदाच आयव्हीएफ करणाऱ्या आणि चांगले भ्रूण असलेल्या जोडप्याला तिचा फारसा उपयोग नाही. आणि हातात एकच भ्रूण असेल तर? निवडायला दुसरा कोणी नाही, तेव्हा बहुतेकदा तो सरळ सोडणं शहाणपणाचं.

अहवालात 'मोझेक' लिहून आलंय. हा भ्रूण चांगला की वाईट?

काही पेशी नीट, काही चुकलेल्या, अशा मिश्र भ्रूणाला मोझेक म्हणतात. यंत्र प्रत्येक पेशी वेगळी मोजत नाही; पाच-दहा पेशींचा डीएनए एकत्र मोजून सरासरी काढतं. चुकलेल्या पेशींचा अंदाज साधारण २० टक्क्यांच्या खाली आला तर बऱ्याच प्रयोगशाळा भ्रूण नॉर्मल धरतात, ८० च्या वर गेला तर सदोष, आणि मधल्याला मोझेक म्हणतात. या रेषा माणसांनी आखल्या आहेत आणि प्रयोगशाळेगणिक थोड्या सरकतात.

शितावरून भाताची परीक्षा करायची, तर भात सगळीकडे सारखा शिजलेला असावा लागतो. इथे तो तसा असेलच असं नाही, आणि शितंही बाळाच्या पुंजक्यातली नसून वारेच्या थरातली आहेत. २०१५ साली इटलीतल्या डॉक्टरांनी अशा १८ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्याकडे मोझेक भ्रूणांशिवाय काहीच नव्हतं. ते भ्रूण सोडले आणि सहा निरोगी बाळं जन्मली. तेव्हापासून मोझेक भ्रूण सरसकट टाकून देणं मागे पडलं. आधी नॉर्मल भ्रूण वापरावेत, ते संपले तर कोणतं गुणसूत्र आणि किती प्रमाणात हे पाहून जनुकीय समुपदेशकाशी बोलून मोझेकचा विचार करावा. आणि गर्भ राहिला तर गरोदरपणातली तपासणी चुकवू नये.

आम्ही दोघंही थॅलसेमियाचे वाहक आहोत. आमच्यासाठी काय?

तुमच्यासाठी पीजीटी-एम, आणि इथे वरच्यासारखी चर्चा करण्याचं कारणच नाही. दोघं वाहक असाल, म्हणजे दोघांच्या त्या जनुकाची एकेक प्रत सदोष असेल, तर दर गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, ते वाहक असण्याची ५० आणि दोन्ही प्रती निर्दोष असण्याची २५ टक्के. वाहक भ्रूण सोडायला हरकत नसते. ते मूल तुमच्यासारखंच निरोगी असेल. तुम्हाला नैसर्गिकरीत्या दिवस राहत असले, तरी या तपासणीसाठी आयव्हीएफ करावं लागतं. ही किंमत मोठी आहे, पण गरोदरपणात चौथ्या-पाचव्या महिन्यात कळून गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवण्याची वेळ ज्यांच्यावर येऊन गेली आहे, त्यांना ती फारशी समजावून सांगावी लागत नाही.

तयारीला काही आठवडे लागतात, म्हणून इंजेक्शनं सुरू करण्याआधीच प्रयोगशाळेशी बोला. दोघांच्या जनुकात नेमका कुठे बदल आहे हे आधी सापडलेलं हवं. मग तुमचे दोघांचे, आजारी मूल असेल तर त्याचे आणि कधी आजी-आजोबांचेही रक्ताचे नमुने मागतात. कारण असं : पाच-दहा पेशींतला डीएनए अतिशय थोडा, त्याच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात. प्रती काढताना आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक कधीकधी गळून जाते आणि आजारी भ्रूण निरोगी किंवा निरोगी भ्रूण आजारी वाटू शकतो. म्हणून नुसता बिघाड न पाहता त्याच्या आजूबाजूच्या डीएनएच्या खुणाही पाहतात. घराण्यात त्या कोणाकडून कोणाकडे गेल्या, हे नमुन्यांवरून आधीच नोंदवलेलं असतं. भोवती चिकटलेल्या जादा शुक्राणूंचा डीएनए मिसळू नये म्हणून अशा वेळी बहुधा इक्सी, म्हणजे एका बीजांडात एकच शुक्राणू सुईने सोडण्याची पद्धत, वापरतात.

आमच्या आजारी मुलाला बोन मॅरो देऊ शकेल असं भावंड निवडता येतं का?

तांत्रिकदृष्ट्या हो, काही देशांत परवानगीने. पहिलं असं बाळ २००० साली अमेरिकेत जन्मलं. त्याच्या बहिणीला रक्ताचा एक आनुवंशिक आजार, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया होता. पण गणित कठीण आहे. भ्रूण आजारमुक्त असण्याची शक्यता चारांत तीन, एचएलए (बोन मॅरो जुळण्यासाठी पाहतात त्या पेशींवरच्या खुणा) जुळण्याची चारांत एक. दोन्ही मिळून सोळांत तीन. त्यात आईचं वय जास्त असेल आणि गुणसूत्रंही तपासली तर हातात काहीच न उरण्याची शक्यता बरीच.

माझ्या वडिलांना हंटिंग्टन आहे. मला स्वतःचा निकाल नको, पण मुलाला आजार नको.

हंटिंग्टन हा बहुधा मध्यम वयात सुरू होणारा, मेंदूचा आनुवंशिक आजार. यावरही वाट आहे. तुमचा निकाल तुम्हाला न सांगता, तुमच्या आजारी वडिलांकडून तुमच्यात आलेला गुणसूत्राचा तो भाग ज्या भ्रूणात उतरलेला नाही, तेवढेच निवडता येतात. समुपदेशकाशी निवांत बोलून मगच ठरवा. अशा उपचारात एखादा अनवधानाने बोललेला शब्दही निकाल उघड करू शकतो.

मुलगा की मुलगी, हे कळतं का?

प्रयोगशाळेला कळतं. आवडीने निवडण्यावर ब्रिटन, कॅनडा, भारत यांसह अनेक देशांत कायद्याने बंदी आहे. हिमोफिलिया किंवा डुशेनसारखा लिंगाशी जोडलेला आजार घराण्यात असेल तर मामला वेगळा.

हुशार किंवा उंच मूल निवडून देतो, असं एका जाहिरातीत वाचलं.

ही पीजीटी-पी. हजारो जनुकांच्या बारीक-बारीक परिणामांची बेरीज करून भ्रूणाला 'गुण' देतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला : दहा भ्रूणांतून सर्वांत जास्त गुणांचा निवडला तरी सरासरी भ्रूणापेक्षा उंचीत अंदाजे अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यांकात अडीच गुण, एवढाच अपेक्षित फायदा. शिवाय दहा भ्रूण कोणाकडे असतात? युरोपातल्या मानवी आनुवंशिकीतज्ज्ञांच्या संस्थेने या प्रकाराला अप्रमाणित आणि अनैतिक म्हटलं आहे. पैसे वाचवा.

अहवाल नॉर्मल आला म्हणजे बाळ निरोगीच होणार का?

तपासलं तेवढ्यापुरतं. पीजीटी-ए मध्ये थॅलसेमिया दिसत नाही, पीजीटी-एम मध्ये फक्त तुमचा ठाऊक आजार दिसतो, आणि हृदयाची रचना, ऑटिझम किंवा नव्याने उद्भवणारे जनुकीय बदल यांबद्दल दोन्ही गप्प असतात. शिवाय नॉर्मल भ्रूणही दरवेळी रुजत नाही. रुजला तरी कधी गळतो. काही थोड्या भ्रूणांबाबत निकालच येत नाही आणि पुन्हा बायोप्सी करायची का, हा प्रश्न उभा राहतो.

गुणसूत्रांबद्दल तपासणी होऊनही गरोदरपणातल्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी नेहमीप्रमाणे कराव्यात. पीजीटी-एम झाली असेल तर अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून खात्री करून घ्यावी, असाच सल्ला दिला जातो.

सगळेच भ्रूण सदोष निघाले. आता?

हा फोन सर्वांत वाईट. लगेच काही ठरवू नका. आधी अहवाल नीट वाचून घ्या : खरंच सगळे पूर्ण सदोष आहेत, की काही मोझेक आहेत, की एखाद्याचा निकालच आलेला नाही? वय कमी आणि तरी सगळे सदोष, असं असेल तर दोघांच्या गुणसूत्रांची रक्ततपासणी करून पाहावी. वय जास्त असेल तर पुन्हा एक खेप, दात्याचं बीजांड, दत्तक किंवा इथेच थांबणं, हे सगळे रस्ते मोकळे असतात आणि कुठलाच कमीपणाचा नसतो.

बायोप्सी न करता तपासणी होते म्हणतात, ती कशी?

भ्रूण ज्या द्रवात वाढतो त्यात त्याचा थोडा डीएनए मिसळतो, तो तपासतात. कल्पना छान आहे. पण त्यात आईच्या पेशींचा डीएनएही मिसळू शकतो आणि निकाल बायोप्सीशी दरवेळी जुळत नाही. निर्णय केवळ यावर सोपवण्याइतकी ही पद्धत अजून पक्की झालेली नाही.

डॉक्टरांना काय विचारावं?

माझ्या वयात आणि माझ्या बीजांडांच्या संख्येत साधारण किती ब्लास्टोसिस्ट मिळतील, हे आधी. मग तुमच्याकडचा यशाचा आकडा दर ट्रान्सफरचा आहे की उपचार सुरू केलेल्या दर स्त्रीमागचा? बायोप्सी कोण करतं, वितळवल्यावर भ्रूण किती टिकतात, मोझेक भ्रूण तुम्ही सोडता का, आणि सदोष ठरलेल्यांचं काय करता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर संमतिपत्रावर लिहिलेलं असतं आणि ते बहुतेक जण वाचत नाहीत. अहवालाची मूळ प्रतही मागून घ्या. उद्या केंद्र बदललंत तर पुढच्या डॉक्टरांना 'नॉर्मल' किंवा 'अ‍ॅबनॉर्मल' एवढा शेरा पुरत नाही. कोणत्या गुणसूत्रात काय दिसलं, हे त्यांना लागतं.